वाडगे की कोंडवाडा?

2022 सालच्या जून महिन्यात मी सहा आठवड्यांसाठी इंग्लंडमध्ये माझ्या धाकट्या बहिणीकडे राहावयास गेलो होतो. ती तेथे अनेक वर्षे परिचारिका म्हणून नोकरीस आहे. तिचा मुलगा त्या वेळी अकरा वर्षांचा होता. मी घरात पाऊल ठेवले न ठेवले तोच त्याने माझा हात धरून मला परसात नेले आणि एका लाकडी चौकटीपाशी गुडघे टेकावयास लावले. आत माती, थोडे गवत, अर्धवट पुरलेले एक मातीचे मडके आणि काही खडे एवढेच मला दिसले. थोड्या वेळाने त्यांतला एक खडा चालू लागला.

"मामा, हा दगडू," भाचा म्हणाला. नाव अर्थातच बहिणीने सुचविलेले. भूमध्य समुद्राच्या काठी आढळणाऱ्या हर्मनच्या जातीचे ते कासवाचे पिल्लू होते. दोन वर्षांचे, जेमतेम सहा सेंटिमीटर लांबीचे. ते इंग्लंडमध्येच एका पालकाकडे अंड्यातून निघालेले असून तसा सरकारी दाखला त्याच्यासोबत आला होता. या वयात नर की मादी हे ओळखता येत नाही, तेव्हा 'दगडू' हे नाव पुढे 'दगडाबाई' करावे लागेल काय, याची बहिणीला अधूनमधून काळजी वाटे.

त्या चौकटीचे वर्णन थोडे विस्ताराने करणे भाग आहे, कारण पुढचा सारा विचार तिच्याभोवती फिरणार आहे. पाच फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी ती जागा. फळ्या जमिनीच्या वर फूटभर आणि जमिनीखाली अर्धा फूट, कारण कासव उकरते. चारही कोपऱ्यांवर तिकोनी फळ्या ठोकलेल्या, कारण कासव कोपऱ्यात दोन्ही बाजूंना पाय रोवून वर चढते आणि पाठीवर पडते. पाठीवर पडलेले पिल्लू कडक उन्हात तसेच राहिले तर उष्णतेने मरते. पाण्याची बशी इतकी उथळ की पाणी त्याच्या हनुवटीच्या वर जाऊ नये. अर्धी जागा उन्हात, अर्धी सावलीत. ऊब हवी तर इकडे यावे, नको तर तिकडे जावे, हा निर्णय मात्र त्याचा. आणि या सर्वांवर लाकडी चौकटीत बसविलेली तारेची जाळी, तिला बिजागरी आणि कडी. कोल्हा, उंदीर, घूस, कावळा आणि मॅगपाय नावाचा कावळ्याच्याच कुळातील काळा-पांढरा पक्षी, या सर्वांना मऊ कवचाचे पिल्लू म्हणजे सोललेले फळच.

भाच्याने यांतील प्रत्येक वस्तूचे कारण मला सांगितले. मी त्याला विचारले की लाकडाऐवजी काच का लावली नाही. निदान त्याला बाहेरचे जग तरी दिसले असते. तो म्हणाला, "त्याला काच कळत नाही, मामा. पलीकडचं गवत दिसतं, मग तो दिवसभर तिथेच चालत राहतो आणि डोकं आपटतो. दिसलं नाही तर तो शांत असतो." हे उत्तर मला पटले नाही. उलट त्या रात्री मला झोप येईना. न दिसणारे जग आणि त्यामुळे लाभणारी शांती, ही गोष्ट मला कोठेतरी ओळखीची वाटत होती.

माझे काम पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे. त्या दिवसांत मी गलतीकरांस पत्राचा मसुदा तपासावयास बरोबर नेला होता. तिसऱ्या अध्यायाच्या तेविसाव्या वचनात पौल म्हणतो की विश्वास प्रकट होण्यापूर्वी आपण नियमशास्त्राच्या पहाऱ्यात होतो. तेथे त्याने वापरलेले ग्रीक क्रियापद मूळचे पहारेकऱ्यांचे, शिबंदीचे आहे. दिमिष्काच्या अधिकाऱ्याने पौलाला पकडण्यासाठी शहरावर पहारा बसविला, तेथेही, म्हणजे करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या अकराव्या अध्यायात, तेच क्रियापद आहे. आणि फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, देवाची शांती तुमची अंतःकरणे राखील असे जेथे म्हटले आहे, तेथेही तेच. एकच पहारा एका ठिकाणी कैद, दुसऱ्या ठिकाणी पाठलाग आणि तिसऱ्या ठिकाणी सांत्वन.

हिब्रू भाषेतही असाच पेच आहे. एदेन बागेची मशागत व राखण करण्यास मनुष्याला ठेवले, तेथील 'राखण' आणि मी माझ्या भावाचा राखणदार आहे काय या काइनाच्या प्रश्नातील 'राखणदार' हे एकाच धातूचे. स्तोत्र 121 मध्ये तो धातू सहा वेळा आला आहे. परंतु योसेफाने आपल्या भावांना तीन दिवस ज्या अटकेत ठेवले त्या अटकेचा शब्दही त्याच धातूपासून घडला आहे. शब्बाथ पाळावयाचा तोही त्याच क्रियापदाने. येथे आपली मराठी हिब्रूच्या बरीच जवळ जाते. आपण आज्ञा पाळतो, कुत्रा पाळतो, बाळाला पाळण्यात घालतो आणि ज्याचा भरवसा नाही त्याच्यावर पाळत ठेवतो.

असो. सांगावयाचे ते हे की मी मनाने आधीच एका बाजूला झुकलो होतो. त्या जाळीकडे पाहिले की मला राखण दिसेना, कैदच दिसे. जाळीच्या सावलीचे चौकोन त्या चिमुकल्या पाठीवर पडत, आणि ते पाहून मला जे वाईट वाटे त्याला मी करुणा समजत होतो.

दुसऱ्या आठवड्यातील एका दुपारी बहीण कामावर आणि भाचा शाळेत गेला असता मी जाळीची कडी काढली आणि झाकण पूर्ण उघडून ठेवले. अर्धा तास मोकळे आकाश मिळावे, एवढाच हेतू. मी जवळच खुर्ची टाकून बसलो होतो. मग घरात दूरध्वनी वाजला, तो बंगळूरहून होता. त्यानंतर एका शब्दाविषयी शंका आली म्हणून मी कागद उघडले, आणि कागद उघडल्यावर माझे काय होते हे माझ्या घरच्यांना ठाऊक आहे. मॅगपायचा कर्कश आवाज ऐकून मी बाहेर धावलो तेव्हा दीड तास होऊन गेला होता. पिल्लू उलथे पडले होते. डावा मागचा पाय रक्ताने माखला होता आणि दोन पक्षी फळीवर बसून, मी किती वेळ थांबतो याचा जणू अंदाज घेत होते.

पशुवैद्याने जखम धुतली, इंजेक्शन दिले, आठवडाभर ओषध सांगितले. जीव वाचला. त्या पायाची दोन नखे मात्र कायमची गेली.

संध्याकाळी भाच्याला सर्व सांगणे माझ्याकडेच होते. तो रडला नाही, रागावलाही नाही. बराच वेळ त्या पायाकडे पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, "मामा, तू जाळी का काढलीस?"

मी म्हणालो, "मला वाटले, त्याला मोकळे वाटेल."

"त्याला जाळी ठाऊकच नव्हती," तो म्हणाला. "ती तुला दिसत होती."

ईश्वरज्ञानाची पदवी घेऊन मला तीस वर्षे झाली. या काळात स्वातंत्र्य या विषयावर मी बरेच वाचले आहे आणि थोडेफार लिहिलेही आहे. पण माझ्या विचारातील दोष एवढ्या थोड्या शब्दांत मला कोणी दाखविला नव्हता. मी त्या प्राण्याला जे स्वातंत्र्य देऊ केले ते त्याने मागितले नव्हते, त्याला त्याचा उपयोग नव्हता, आणि त्याची किंमत मात्र त्याच्या पायाने मोजली. माझ्या मनातील एका कल्पनेला बरे वाटावे म्हणून मी दुसऱ्याच्या अंगावरचे पांघरूण काढले होते. असे करणारी माणसे आपण सार्वजनिक जीवनात पाहतो आणि त्यांना उदारमतवादी म्हणतो. धोका स्वतःच्या वाट्याला असेल तर धैर्य म्हणता येते. तो दुसऱ्याच्या वाट्याला असता आपण धैर्याचे बोल बोलणे याला निराळे नाव शोधावे लागेल.

येथे ही हकीकत संपली असती तर मी लेख लिहिलाच नसता, कारण मग तिचा अर्थ सरळ होता: जाळी बरोबर, मी चूक. परंतु पुढच्या आठवड्यात दुसरी गोष्ट घडली. जखम भरत आली तरी भाचा दगडूला परसात नेईना. त्याने त्याला घरातल्या लाकडी पेटीत, दिव्याखाली ठेवले. त्या दिव्यातून उन्हातील अतिनील किरणांसारखे किरण मिळतात. ते न मिळाले तर कवच मऊ पडते. ऊब होती, अन्न होते, पक्षी नव्हते. पेटी तीन फूट लांब, दीड फूट रुंद. शाळेतून आल्यावर तो तिच्यावर कापडही टाकू लागला. बाहेर उन्हाळ्याचे उत्तम ऊन पडले होते, तृणांत पिवळी फुले होती, आणि कासवाचे पिल्लू पुठ्ठ्याच्या खोक्याएवढ्या जागेत येरझारा घालीत होते. बहीण मला हळूच म्हणाली, "दादा, आता हा त्याला कधीच बाहेर काढायचा नाही बघ."

तेव्हा मला आमचे कंपाउंड आठवले.

मी मिशन कंपाउंडात वाढलो. आमच्या पिढीच्या वाचकांना त्या शब्दाबरोबर चुन्याची भिंत, फाटक, चिंचेची झाडे आणि सहा वाजताची घंटा आठवेल. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा गावाने त्यांना विहीर बंद केली, घर सोडावयास लावले. मिशनने दिलेली ती भिंत म्हणजे त्यांच्या दृष्टीने अक्षरशः जीवदान होते. तिच्या आत विहीर होती, शाळा होती, दवाखाना होता, मुलीला रात्री निजवून निर्धास्त झोपता येत होते. त्या भिंतीची थट्टा करणाऱ्यांनी त्या विहिरीचा प्रसंग आधी आठवावा. परंतु मी जन्मलो तेव्हा गाव बदलला होता, विहिरींची जागा नळांनी घेतली होती. भिंत मात्र तेवढीच उंच होती. सूर्यास्तानंतर फाटकाबाहेर जावयाचे नाही हा नियम माझ्या वडिलांनी आपल्या वडिलांकडून घेतला आणि आम्हाला दिला. बाहेर काय आहे असे विचारले तर उत्तर मिळे, "आहे तसेच." फाटकापासून फर्लांगभर अंतरावर दर वर्षी जत्रा भरे. ती मी प्रथम पाहिली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि आपल्याच गावात मी एखाद्या परदेशी पाहुण्यासारखा वाट विचारीत फिरलो.

माझ्या आईवडिलांनी मला फसविले असे मी म्हणणार नाही. पण काच नसून लाकूड होते हे खरे. न दिसल्यामुळे मी शांत होतो. त्या शांतीचे मोल कसे करावे हे मला आजही पुरते ठरविता आलेले नाही. कासवाच्या बाबतीत भाच्याचे म्हणणे बरोबरच आहे. त्याला पलीकडचे गवत दाखवून अडविणे हा निव्वळ छळ होय. पण मनुष्याचे मूल हे कासव नव्हे. त्याला भिंत कळते, निदान एके दिवशी कळते, आणि ती का होती असे ते विचारते. त्या दिवशी देण्याजोगे खरे कारण घरात शिल्लक असावे लागते. पणजोबांजवळ ते होते. वडिलांजवळ फक्त नियम उरला होता.

ईयोबाच्या पुस्तकात हीच गोष्ट फार धारदारपणे आली आहे. पहिल्या अध्यायात सैतान तक्रार करतो की देवाने ईयोबाभोवती कुंपण घातले आहे, म्हणून तो नीतिमान राहिला. तिसऱ्या अध्यायात ईयोब स्वतः तक्रार करतो की देवाने त्याला कुंपणाने कोंडले आहे, त्याला वाट दिसत नाही. दोन्ही ठिकाणची हिब्रू क्रियापदे उच्चाराला जवळजवळ एकच आहेत. मधल्या काळात कुंपण बदलले की ईयोबाचे दुःख, हा प्रश्न भाष्यकारांवर सोडून देतो; पण भाषांतर करताना दोन्हीकडे 'कुंपण' हाच शब्द ठेवावा असे माझे मत आहे, मग वाचकाला थोडे अडखळावयास झाले तरी चालेल.

कासवाविषयी आपल्या मराठी संतांची एक आवडती कल्पना आहे. कासवी अलीकडच्या तीरावर, पिले पलीकडे. ती त्यांना दूध पाजीत नाही, पंखाखाली घेत नाही, केवळ दृष्टीने त्यांचे पोषण करते. कूर्मदृष्टी हा शब्द त्यातूनच रूढ झाला. आमच्या घरी ख्रिस्ती भजनांबरोबर अभंगही म्हटले जात, आणि लहानपणी मला ही कल्पना फार मोहक वाटे: भिंत नाही, दोरी नाही, केवळ नजर. प्रत्यक्षात कासवी वाळूत किंवा मातीत खड्डा करते, अंडी घालते, माती लोटते आणि निघून जाते. पिले बाहेर येतात तेव्हा त्यांना पाहणारी कोणाची नजर असेल तर ती कोल्ह्याची किंवा पक्ष्याची. मोकळ्या रानात जन्मलेल्या पिलांपैकी बहुतेक मोठी होतच नाहीत. संतांना हे ठाऊक नव्हते असे समजण्याचे कारण नाही. त्यांना देवाविषयी बोलावयाचे होते, कासवाविषयी नव्हे. पण मी जाळी उघडली तेव्हा माझ्या मनात कोठेतरी तीच उपमा होती, आणि खुर्ची टाकून बसलेल्या माझी नजर दूरध्वनी वाजेपर्यंतच टिकली. ज्याला झोप लागते, ज्याला शंका येते, ज्याला चहा हवा असतो, त्याने नजरेच्या भरवशावर कोणाला राखू नये. जाळी ही आपल्या दुबळेपणाची कबुली आहे, आणि ती कबुली देण्यात कमीपणा नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास या गावी मी एकदा गेलो आहे. तेथे 2002 सालापासून सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची अंडी राखण्याचे काम सुरू केले. कोल्हे-कुत्री आणि माणसे यांच्या हातून वाचविण्यासाठी अंडी उचलून किनाऱ्यावरच जाळीच्या कुंपणात पुरतात. सुमारे 45 ते 60 दिवसांनी पिले वर येतात, आणि मग त्यांना लाटांपासून काही अंतरावर वाळूत सोडतात. उचलून पाण्यात टाकीत नाहीत; ती स्वतः चालत जातात. त्या कुंपणाविषयी मला कधीही वाईट वाटले नाही, कारण ते ज्या दिवशी बांधले त्याच दिवशी ते उघडण्याचा दिवस मनात धरलेला होता.

दगडूचे कुंपण तसे नाही, आणि येथेच मला खरी अडचण वाटते. त्याला इंग्लंडच्या रानात सोडता येत नाही. ते त्याचे रान नव्हे, तेथील थंडीत तो टिकणार नाही. बंदिस्तीत जन्मलेला जीव भूमध्य सागराकाठी नेऊन सोडणेही योग्य नाही. कोणता रोग तो तेथील कासवांना देईल हे सांगता येत नाही. म्हणजे त्याचे वाडगे मोठे होऊ शकते, चांगले होऊ शकते. संपू शकत नाही. मग प्रश्न जाळी असावी की नसावी हा राहत नाही. असा जीव जगात आणावा काय, हा प्रश्न उरतो.

विसाव्या शतकात युरोपातील घरांसाठी उत्तर आफ्रिका व दक्षिण युरोपातून रानातली कासवे प्रचंड संख्येने आणली गेली, आणि त्यांतील पुष्कळशी पहिल्याच हिवाळ्यांत मेली. 1984 साली युरोपीय समुदायाने ही आयात थांबविली. भाच्याचे पिल्लू बंदिस्तीत जन्मलेले आहे, म्हणजे त्याच्यासाठी रानातून कोणी चोरी केलेली नाही; हा फरक लहान नव्हे. आपल्या देशात मात्र वाचकांनी संभ्रमात राहू नये. येथील तारांकित कासव, ज्याच्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असतात आणि जे 'घरात ठेवल्यास पैसा येतो' असे सांगून चोरून विकले जाते, ते 1972 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे 1 एप्रिल 2023 पासून, त्याला कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. 2019 साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही सर्वांत कडक निर्बंध आले. बंगळूरात आमच्याच इमारतीतील एका चांगल्या, देवभीरू कुटुंबाने असे एक कासव न्हाणीघरातील टबात ठेवले होते. त्यांचे त्यावर प्रेम होते यात शंका नाही. रोज काकडी घालीत. चिकट फरशीवर घसरून घसरून त्याचे पाय फाकले होते. मी त्यांना कायदा सांगितला तेव्हा ते दुखावले, आणि दुखावणे स्वाभाविक होते, कारण ते कासवाला जपत आहेत असेच त्यांना वाटत होते. शेवटी त्यांनी ते वन खात्याच्या स्वाधीन केले. 2018 साली सिंगापूरहून 51 तारांकित कासवे बंगळूरला परत आणण्यात आली, हे मी त्यांना सांगितले होते. त्याचा उपयोग झाला की कायद्याच्या भीतीचा, ते मला ठाऊक नाही.

कासव पाळणाऱ्याने आणखी एक हिशेब करावा लागतो. कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम लॉड याचे कासव 1633 साली लॅम्बेथ राजवाड्यात आले. लॉडचा 1645 साली शिरच्छेद झाला. यादवी युद्ध झाले, राजाचेही शिर गेले, राजेशाही गेली आणि परत आली, आणि ते कासव त्याच बागेत 1753 सालापर्यंत होते; शेवटी एका माळ्याच्या हयगयीने मेले असे सांगतात. त्याचे कवच तेथे अजून जपून ठेवले आहे. एकशेवीस वर्षे किती तरी हातांनी त्याला राखले असेल, त्यांतील एकाचेही नाव आपल्याला माहीत नाही. एक हात चुकला, तेवढाच इतिहासात राहिला.

सेलबोर्न गावचा धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट याला 1780 साली आत्याच्या निधनानंतर तिचे कासव वारशाने मिळाले. त्याचे नाव टिमथी. एवढे आयुष्य दोनतृतीयांश झोपेत घालविणाऱ्या प्राण्याला देवाने का बहाल करावे, असे कोडे त्याला प्रथम पडले होते. परंतु पुढे तेरा वर्षे तो त्या कासवाला पाहत राहिला, आणि त्याला दिसले की जूनच्या आरंभी ते पहाटे उठते, बागेच्या कुंपणातील प्रत्येक फट आणि प्रत्येक फाटक तपासते आणि जमल्यास निसटते. 1784 साली ते आठवडाभराहून अधिक काळ बेपत्ता होते. ज्याला आपण सुस्त म्हणत होतो त्याच्या मनात दर वर्षी ठरावीक काळी कुंपणापलीकडचे काहीतरी जागे होत होते. व्हाइट 1793 साली वारला, कासव त्यानंतरच्या वर्षी. कवच लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात आहे, आणि ते पाहणाऱ्या तज्ज्ञांनी नंतर सांगितले की टिमथी मादी होती. ज्याला आपण वर्षानुवर्षे रोज पाहतो, ज्याच्यावर लिहितो, त्याच्याविषयीही आपल्याला इतके थोडे कळते. आम्हा भाषांतरकारांना याचे नवल वाटू नये. 1611 च्या इंग्रजी शास्त्रात लेवीय अकराव्या अध्यायातील अशुद्ध प्राण्यांच्या यादीत कासव आहे; मूळ हिब्रू शब्द बहुधा वाळवंटातील एका मोठ्या सरड्याचा. पिढ्यान्‌पिढ्या एक निरपराध प्राणी त्या यादीत बसून राहिला.

शेवटच्या आठवड्यात मी भाच्याला म्हणालो, "जाळी मी काढली, तर नवी जाळी मीच बसवितो." त्याला ते फारसे आवडले नाही, पण त्याने हातोडा आणून दिला. आम्ही चौकट दोन फुटांनी लांब केली. जाळी थोडी उंच उचलली, म्हणजे आत एक झुडूप लावता येईल आणि पक्ष्याची सावली पडली तर दगडूला शिरावयास जागा होईल. फळ्यांच्या बाबतीत मी काही बोललो नाही. त्या लाकडाच्याच राहिल्या. माझे खिळे वाकडे जात होते आणि तो ते निमूटपणे उपटून सरळ ठोकीत होता. एक तेवढा राहून गेला.

काम झाल्यावर तो पेटी घेऊन आला, पण दगडूला आत ठेवेना. "अर्धाच तास," तो म्हणाला. "आणि तू इथेच बसायचं. फोन आत ठेवून ये."

मी दूरध्वनी आत ठेवून आलो. तो स्वतःही बसला, जाळी बंद करून, कडी लावून, तिच्यावर हात ठेवून. दगडू बराच वेळ हलला नाही. मग त्याने मान बाहेर काढली, ज्या पायाला दोन नखे कमी होती तो थोडा ओढीत तो झुडपापर्यंत गेला, तेथून फळीपर्यंत, आणि फळीच्या कडेकडेने एक संपूर्ण फेरी घातली. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला तेव्हा भाच्याने जाळीवरचा हात काढला.

यंदा बहिणीचे पत्र आले. दगडू साडेनऊ सेंटिमीटरांचा झाला आहे. भाच्याने विचारले आहे की तो पुढे शिक्षणासाठी घराबाहेर गेला तर दगडूने कोठे राहावयाचे, आणि आई म्हातारी झाल्यावर कोणी. मला अजून उत्तर लिहावयाचे आहे. सोबत नव्या चौकटीचे छायाचित्र होते. तिच्या डाव्या कोपऱ्यात माझा तो वाकडा खिळा अजून तसाच आहे.